माइक शर्मिष्ठेकडे दिला तर?

कालच्या एपिसोडचा हा लिखित भाग. बोलताना घाईत जे राहून गेलं, ते इथे थोडं सविस्तर.

वि. स. खांडेकरांची ‘ययाती’ आली १९५९ मध्ये. तिला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ. मराठीतलं पहिलं. कादंबरी सांगणारे तिघं आहेत: ययाती, देवयानी, शर्मिष्ठा. प्रत्येक जण ‘मी’ म्हणूनच बोलतो, पण माइक सगळ्यात जास्त वेळ ययातीकडे. आणि जो जास्त बोलतो त्याची बाजू आपल्याला नकळत पटायला लागते. ऑफिसात काही फुटलं की आम्ही एकाच सर्व्हरचा लॉग बघून कुणाला दोष देत नाही. म्हणून आज लॉग शर्मिष्ठेचा.

ती असुरांचा राजा वृषपर्वा याची मुलगी. मैत्रीण देवयानी म्हणजे शुक्राचार्यांची लाडकी लेक. कपड्यांची अदलाबदल होते, त्यावरून जुंपते, आणि शर्मिष्ठा तिला विहिरीत ढकलते. चूक आहेच, प्रश्नच नाही. पण पुढचा हिशोब बघा. देवयानीला विहिरीतून बाहेर काढणारा राजाच नवरा म्हणून मिळतो, आणि शर्मिष्ठा होते तिची दासी. नाही म्हणावं तर शुक्राचार्य राज्य सोडून जाणार, आणि त्यांच्याशिवाय असुरांचा निभाव लागणार नाही. एका भांडणाची किंमत अख्खं आयुष्य!

मग हस्तिनापूर, ययाती, आणि लपवून ठेवलेलं नातं. महाभारताच्या आदिपर्वात शर्मिष्ठेचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे: मी देवयानीची, देवयानी तुमची, म्हणजे मीही तुमचीच. ज्या गुलामीने तिचं सगळं काढून घेतलं, तीच ती वकिलासारखी वापरते. मला तर हे कादंबरीतल्या शर्मिष्ठेपेक्षा जास्त धारदार वाटतं. खांडेकरांनी तिला फार सोशिक केलंय. एकदा तरी तिने सडकून बोलायला हवं होतं, असं ऐकताना सारखं वाटत राहतं.

कारण पुढे तिला छोट्या पुरूला घेऊन हस्तिनापूर सोडावं लागतं. मुलगा ती लपूनछपून वाढवते. आणि शुक्राचार्यांच्या शापाने म्हातारा झालेला ययाती तारुण्य घेतो ते कुणाचं? याच पुरूचं. ययातीच्या तोंडून ही वासनेची आणि पश्चात्तापाची गोष्ट आहे. आईच्या जागेवरून ऐका, मग कळतं की बापाने पोराला दिलं काहीच नाही, उलट घेतलं.

गिरीश कर्नाडांनी त्यांच्या ‘ययाति’ या कन्नड नाटकात याच्या पुढचं पाऊल टाकलं. पुरूला त्यांनी बायको दिली, चित्रलेखा. काल लग्न झालेला तरुण नवरा आज म्हातारा होऊन समोर उभा, आणि तिला कुणी विचारलेलंसुद्धा नाही.

पुढच्या एपिसोडला माइक तिच्याकडे.