पंचा आणि सूट

पुरुषाचा पोशाख ही केवळ आवडीनिवडीची बाब, असे आपण सहज म्हणतो. १९३१ साली लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेस गांधीजी पंचा नेसून, शाल पांघरून गेले, डॉ. आंबेडकर सुटाबुटात. गांधीजींनी सदरा-टोपी सोडली ती १९२१ मध्ये, मदुरेस. अंगभर वस्त्र न मिळणाऱ्या गरिबांशी एकरूप व्हावे म्हणून. उलट, ज्या समाजाला चांगले कपडे घालण्यासही रूढीने ठिकठिकाणी मज्जाव केला, त्याच्या पुढाऱ्याने नीटनेटका सूट वापरणे, हा आमच्या मते स्वाभिमानाचाच उच्चार होय. एकाने वस्त्र उतरविले, दुसऱ्याने चढविले. प्रतिष्ठा दोघांनाही माणसाचीच हवी होती. आम्ही मात्र अजून कपडे पाहूनच खुर्ची पुढे करतो!