आंबा, लिंबू आणि ‘सारखं’

बदकाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की समोर जे पहिलं हलताना दिसेल त्याच्या मागे चालू लागतं. मग ती बदकीण असो नाहीतर माणसाचे गमबूट. २०१६ साली ऑक्सफर्डच्या अँटोन मार्टिन्हो आणि अ‍ॅलेक्स कासेल्निक यांनी या खोडीचा फायदा घेतला. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांसमोर त्यांनी आईऐवजी एक जोडी फिरवली: टांगलेले दोन चेंडू. थोड्या वेळाने चेंडू गायब. आता एकीकडे दोन पिरॅमिड आणि दुसरीकडे एक घन व एक लांबट ठोकळा. यातलं काहीही पिल्लाने आधी पाहिलेलं नव्हतं. ज्यांची ‘आई’ म्हणजे दोन चेंडू, ती पिल्लं बहुतांशी पिरॅमिडांच्या जोडीमागे गेली. ज्यांना आधी वेगवेगळ्या आकारांची जोडी दाखवली होती, ती घन आणि ठोकळ्याकडे वळली. आकारांचा आणि तसाच रंगांचा प्रयोग धरून ११३ पिल्लं तपासली, त्यातली ७७ बरोबर निघाली. ना खाऊ, ना शिकवणी.

थांबून पाहिलं तर हे चक्रावणारं आहे. ‘सारखेपणा’ या चेंडूतही नसतो आणि त्या चेंडूतही नसतो, तो दोघांच्या मध्ये असतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्यातून मराठीत तर शब्दच चकवा देतो: बाळ आईसारखं दिसतं आणि बाळ सारखं रडतं. एवढी निराकार गोष्ट भाषेवाचून कळायची नाही, असं विचारवंत फार वर्षं मानत आले.

त्या समजुतीला मोठा धक्का दिला मधमाशीने. मार्टिन ज्यूर्फा आणि सहकाऱ्यांचा २००१ चा प्रयोग मला आजही सगळ्यात देखणा वाटतो. इंग्रजी वाय अक्षरासारखा बोगदा, दारात एक खूण, पुढे दोन फाटे. दारात दिसली तीच खूण ज्या फाट्यावर, तिथे साखरपाणी. माश्या निळ्या-पिवळ्यावर हे शिकल्या, मग कधी न पाहिलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरही त्यांनी तोच नियम लावला. काही माश्यांना तर रंग दाखवलेच नाहीत, आंबा आणि लिंबू यांच्या वासावर शिकवलं. त्यांनी तो धडा रंगांवर चालवून दाखवला. नाकाने शिकलेलं डोळ्यांनी वापरलं! ज्या मेंदूत हे घडलं त्यात जेमतेम १० लाख चेतापेशी असतात.

अर्थात टाळ्या वाजवण्याआधी कबुतरांकडे बघावं. एड वॉसरमन यांनी कबुतरांना पडद्यावर १६ चित्रं दाखवली: सगळी एकसारखी तर एक कळ, सगळी वेगवेगळी तर दुसरी. कबुतरं छान शिकली. पण चित्रं कमी करत दोनवर आणली की त्यांची गडबड उडू लागली. म्हणजे त्यांना ‘सारखं’ कळत होतं, की पसारा किती आहे एवढंच जाणवत होतं? बदकाच्या पिल्लांच्या बाबतीतही अशी शंका घेणारे आहेत, आणि ती घ्यायलाच हवी.

माणसाच्या बाळाला विचारायचं तर एकच मार्ग: त्याची नजर. तेच ते दाखवलं की बाळ कंटाळून मान फिरवतं, नवं आलं की टक लावतं. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या सुझन हेस्पोस आणि डेड्रे जेंटनर यांच्या गटाने तीन महिन्यांच्या बाळांना खेळण्यांच्या जोड्या दाखवल्या. आलटून पालटून दोनच जोड्या दाखवल्या तेव्हा बाळांनी नातं पकडलं, पुढे नव्या खेळण्यांतही ओळखलं. सहा जोड्या दाखवल्या तेव्हा मात्र जमलं नाही. उदाहरणं जितकी जास्त तितकं चांगलं, हा आपला आवडता हिशेब इथे उलटा पडला. त्याहून मजेशीर म्हणजे, एखादं खेळणं आधी सुटं दाखवलं असेल तर त्याच्या जोडीत बाळाला नातं दिसेना. वस्तूशी ओळख झाली की नजर वस्तूवरच खिळते.

पुढे हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. कॅरन वॉकर आणि अ‍ॅलिसन गोपनिक यांनी दीड ते अडीच वर्षांच्या मुलांपुढे एक पेटी ठेवली. तिच्यावर दोन सारखे ठोकळे ठेवले तर गाणं वाजे, वेगळे ठेवले तर नाही. (दुसऱ्या गटासाठी उलट.) चार-दोनदा पाहून पोरांनी नव्या ठोकळ्यांची योग्य जोडी उचलली. तीन वर्षांची मुलं मात्र अडखळली. मोठी झाली आणि विसरली! तोवर ती भरभर नावं शिकत असतात: हा घोडा, ही गाडी. त्यामुळे गाणं ‘या लाल ठोकळ्यामुळे’ वाजतं, असं त्यांना वाटत असावं. ‘गाणं का वाजलं असेल, सांग बरं?’ असं विचारलं की त्याच वयाची मुलं सावरायची. पुढे २०१९ मध्ये हाच खेळ चीनमधल्या तीन वर्षांच्या मुलांपुढे मांडला, तर ती ठोकळ्यांपेक्षा नात्याकडेच वळली.