आधी नळ बघायचा

मुळशी तालुक्यातल्या लवळे गावच्या एका शाळेत चौथीला शिकवणाऱ्या बाई सहलीची जागा ठरवायच्या आधी स्वतः जाऊन बघून येतात, हे कानावर आलं तेव्हा त्यात मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढचं ऐकून. बागेत शिरल्यावर बाई फुलं बघत नाहीत, झोके बघत नाहीत. आधी नळ शोधतात आणि तो सोडून धार किती येते ते बघतात. मी त्यांना गाठलं आणि विचारलं, पुढच्या खेपेला मला बरोबर न्याल का?

"या की. पण पुष्कळ चालावं लागेल. आणि संडासात डोकवावं लागेल, चालेल ना?"

लवळ्याहून सहलीला पुण्यातल्या बागेत कशाला जायचं, हा प्रश्न कुणालाही पडेल. शहरातली माणसं रविवारी मुळशीकडे धावतात आणि मुळशीची पोरं डबे घेऊन शहराकडे. पण लवळ्याची टेकडी आता सिंबायोसिसच्या विद्यापीठाची ओळख झाली आहे, फ्लेम विद्यापीठही याच गावच्या हद्दीत आहे, आणि रस्त्यालगतच्या शेतांना प्लॉटिंगच्या पाट्या लागल्या आहेत. बाईंच्या लहानपणी वर्ग उठून कुणाच्याही बांधावरच्या आंब्याखाली जेवायला बसायचा. आता त्या बांधापाशी जायला कुणाची परवानगी काढायची, हेच पटकन कळत नाही.

दुसरं कारण पाण्याचं. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले विद्यार्थी बुडाले. त्यानंतर राज्यात शाळांच्या सहलींचे नियम कडक झाले. पालकांची संमतीपत्रं आली, समुद्र, नदी, धरण अशा जागा टाळा असं बजावलं गेलं. मुळशी धरण याच तालुक्यात, पण शाळेच्या सहलीला ते बाद. उरतात त्या भिंत असलेल्या, फाटक असलेल्या, पहारेकरी असलेल्या जागा, म्हणजे शहरातल्या बागा.

बाईंच्या वहीत बागांची यादी आहे आणि प्रत्येकीपुढे पेन्सिलीने चार शब्द. बागांचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्याही माहितीपुस्तिकेत वाचलेलं नाही. सारसबागेपुढे लिहिलंय: "गणपती, हिरवळ छान, ऊन." पेशव्यांच्या काळचं तळं होतं तिथे, त्यातल्या बेटावरचा तो तळ्यातला गणपती. शेजारच्या पेशवे उद्यानापुढे एकच शब्द आहे, "फुलराणी". १९५६ सालापासून ही छोटी आगगाडी पुण्याच्या पोरांना फिरवते आहे आणि वर्गात हात वर करायला सांगितलं की अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस हात तिच्यासाठीच वर जातात. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानापुढे "फार सुंदर. नको." जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून हे दहा एकरांचं उद्यान बेतलेलं आहे. मूळ बाग १७०० साली पूर्ण झाली. हळूहळू चालत, वळणावळणावर थांबून बघावं अशीच या उद्यानाची रचना आहे. "माझ्या दोन मुलांना मी तिथे नेते," बाई म्हणाल्या. "अठ्ठेचाळीसांना नेलं तर दिवसभर 'गवतावर नको, पाण्याकडे नको' एवढंच ओरडत बसेन. ती काय सहल झाली?"

पण यादीतल्या पुष्कळ बागा यातल्या कशानेच बाद झालेल्या नाहीत. त्यांच्यापुढे फक्त "दुपार" असं लिहून फुली मारली आहे. महापालिकेच्या अनेक बागांची वहिवाट अशी की सकाळी लवकर उघडायचं, अकराच्या सुमाराला बंद करायचं आणि चारनंतर पुन्हा उघडायचं. चालायला येणाऱ्यांना हे सोयीचं आहे. झाडांना पाणी घालायला, झाडलोट करायला माळ्यांना निवांत वेळ मिळतो, हेही खरं. पण लवळ्याहून सात वाजता निघालेली गाडी गर्दीतून वाट काढत शहरात पोचणार, पोरं जरा खेळणार, आणि ज्या घटकेला डबे उघडायचे नेमक्या त्याच घटकेला शिट्टी वाजणार. आपल्याकडे कार्तिकात आवळीभोजन करतात. झाडाखाली बसून चार माणसांनी एकत्र जेवायचं, एवढाच तो सोहळा. शहराने इतकी झाडं लावली, जोपासली, आणि जेवणाच्या वेळी त्यांची सावली कुलूपबंद ठेवली, याचं मला वाईट वाटतं. सकाळी चालणाऱ्याइतकाच दुपारी डबा खाणाऱ्याचाही बागेवर हक्क आहे असं मी मानते.

म्हणून आम्ही गेलो एम्प्रेस गार्डनला. रेसकोर्सजवळची ही जुनी बाग, सुमारे ३९ एकरांची. एकेकाळी सोल्जर्स गार्डन होती, पुढे राणी व्हिक्टोरियामुळे एम्प्रेस झाली. ती महापालिकेकडे नाही. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया तिचं बघते, तिकीट काढून आत जायचं आणि दुपारी कुणी बाहेर काढत नाही. बरोबर शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी होत्या. सहलीचं जेवण त्यांच्याकडे, त्यामुळे जागा त्यांनाही पसंत पडायला हवी होती.

आत शिरल्यावर ओल्या पाचोळ्याचा वास आला आणि मी वर बघत राहिले. शंभर वर्षांची वाटावी अशी झाडं, त्यांच्या बुंध्यांना पिळा घालून वर गेलेल्या वेली. बाई आणि मावशी मात्र खाली बघत पुढे गेल्या होत्या. नळ सापडला तेव्हा मावशींनी लिटरची बाटली खाली धरली आणि बाई मोठ्याने मोजू लागल्या. अकराला बाटली भरली.

"बरी आहे धार," बाई म्हणाल्या. "पण नळ एकच असला तर पंचवीस मिनिटं."

ही पंचवीस मिनिटं मी दिवसभर ऐकली. एका पोराला हात धुवायला अर्धं मिनिट, अठ्ठेचाळीस पोरं, वर थोडी ढकलाढकली: पंचवीस मिनिटं. जेवणाआधी पंचवीस, जेवणानंतर पंचवीस. तेवढ्यात पहिला धुऊन आलेला पुन्हा मातीत हात घालतो, शेवटचा भुकेने रडकुंडीला येतो आणि मधले दोघे भिजतात. सहल बिघडते ती इथे बिघडते, असं बाई सांगतात. बागेत झोके किती यावर काही ठरत नाही. नळ आणि सावली यांच्यात किती पावलं, यावर ठरतं. मग त्यांनी ती पावलंही मोजली.

स्वच्छतागृहाच्या दारात फिनाईलचा वास आला तसा बाईंचा चेहरा खुलला. आत जाऊन कड्या लावून पाहिल्या. चौथीच्या मुली कडी नसली तर जात नाहीत, पाणी प्यायचंही टाळतात, आणि परतीच्या गाडीत पोटात दुखतं म्हणून रडतात. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला माझ्या शाळेच्या सहली आठवल्या आणि त्यातलं अर्धं दुखणं आत्ता कळलं.

बागेतून वाहणाऱ्या ओहोळापासून लांब, एका रुंद सावलीच्या झाडाखाली जेवणाची जागा ठरली. हेच झाड 'घर' असं पोरांना सांगायचं, शिट्टी वाजली की घरी. दहा मुलांमागे एक मोठं माणूस, म्हणजे पाच जण लागणार. दोन पालक मिळवायचे होते. एसटीच्या आगारात अर्ज द्यायचा, शाळेच्या सहलीला भाडं निम्मं पडतं. जानेवारीत जायचं, पण सव्वीस जानेवारीच्या आसपासचा पुष्पप्रदर्शनाचा आठवडा सोडून. "फुलं बघायला मिळाली असती," मी म्हटलं. "नळावर अख्खं पुणं असेल," बाई म्हणाल्या.

फुलराणीचं काय, हे मी विचारलं. परतताना पेशवे उद्यानावरून गाडी न्यायची, चारनंतर एक फेरी. हात वर केलेल्यांचा शब्द पाळायचा होता.

मावशी इतका वेळ गप्प होत्या. फाटकाबाहेर आल्यावर त्यांनी आपला निर्णय सांगितला. मसालेभात रद्द. धपाटे करायचे, सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि गूळ. कागदात गुंडाळून हातात द्यायचे, ताटं नकोत, हात फारसे खरकटे होत नाहीत. "जेवणानंतरची पंचवीस मिनिटं वाचवते तुमची," त्या म्हणाल्या, "तेवढ्यात फुलराणीत दोन चकरा जास्त मारतील पोरं." बाईंनी तिथेच वही काढली आणि किती शेर पीठ लागेल ते त्यांना विचारू लागल्या.