टोकापासून टोकापर्यंत पायी : शेगाव-पंढरपूरची वाट आणि हिंगोली जिल्हा

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाटा हे गाव प्रवाशांना दोन कारणांनी परिचित आहे. एक तर तेथील खिचडी. नांदेडहून नागपूरकडे अथवा हिंगोली-अकोल्याकडे निघालेली वाहने तिच्यासाठी हमखास थांबतात. दुसरे कारण नावातच आहे. ‘फाटा’ म्हणजे रस्ता जेथे फुटतो ती जागा. तुळजापूर, लातूर, नांदेडकडून येऊन हदगाव, उमरखेड, यवतमाळमार्गे नागपूरच्या दिशेने जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ आणि अकोला, वाशीम, हिंगोलीकडून येऊन नांदेड, देगलूरमार्गे तेलंगणात उतरणारा क्रमांक १६१ या दोहोंचा येथे मेळ होतो. नांदेडपासून फाट्याचे अंतर चाळीस किलोमीटरांच्या आसपास भरते. मोटारीला त्यासाठी पाऊण तास पुरतो. पायी चालणाऱ्याला मात्र पूर्ण दोन दिवस लागतात, आणि मधल्या रात्रीच्या मुक्कामाची सोय त्याला स्वतःच पाहावी लागते.

पायी चालणारा हा प्रवासी आजच्या रस्त्यांच्या हिशेबात फारसा धरला जात नाही. परंतु तो संपलेला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कन्याकुमारीहून श्रीनगरकडे निघालेली ‘भारत जोडो’ ही राजकीय पदयात्रा नांदेडकडून हिंगोली जिल्ह्यात शिरली आणि कळमनुरी, हिंगोली ओलांडून वाशीमकडे गेली. ती घटना एकदाच घडली. या जिल्ह्यातून दरवर्षी, ठरल्या तिथीला, ठरल्या गावांवरून जाणारी दीर्घ पदयात्रा निराळीच आहे, आणि तिचा मार्ग फाट्याच्या पश्चिमेस, नर्सी आणि औंढ्यावरून जातो.

शेगावच्या श्री गजानन महाराजांची पालखी ज्येष्ठ महिन्याच्या सुमारास निघते. अधिक मास आला की तारखा मागेपुढे होतात. सन २०२४ मध्ये ती १३ जूनला निघाली व १५ जुलैला पंढरपुरात पोहोचली, म्हणजे तेहतीस दिवस. सुमारे सव्वासातशे किलोमीटरांच्या या वाटेवर दिवसाची सरासरी बावीस किलोमीटरांच्या आसपास पडते. पांढऱ्या वेशातील सुमारे सातशे वारकरी रांगेने, शिस्तीने चालतात. शेगाव सोडल्यावर अकोला, पातूर, रिसोड असे करीत पालखी हिंगोली जिल्ह्यात सेनगावला येते. तेथून नर्सी, औंढा नागनाथ, जवळा बाजार असा मार्ग धरून परभणीकडे जाते. पुढे गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, कळंब, तेर, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर आणि मंगळवेढा ही ठिकाणे येतात.

गावांची ही यादी शिक्षकांनी एकदा सावकाश वाचावी. नर्सी हे कयाधू नदीच्या काठचे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानले जाते. औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचे क्षेत्र, आणि नामदेवांना गुरू विसोबा खेचर येथेच भेटले अशी परंपरा आहे. गंगाखेड जनाबाईंचे, अंबाजोगाई मुकुंदराज आणि दासोपंतांचे, तेर गोरा कुंभारांचे. मंगळवेढ्याशी चोखामेळा, कान्होपात्रा आणि दामाजीपंत यांची नावे निगडित आहेत. मराठी भाषेच्या पहिल्या काही शतकांचा इतिहास या एका वाटेवर जवळजवळ क्रमाने मांडून ठेवलेला आहे. पाठ्यपुस्तकात ही नावे सुटी येतात. पायी जाणाऱ्याला ती एकामागून एक, दोन-तीन दिवसांच्या अंतराने भेटतात, आणि त्यांच्यामधील शेतजमीन, नदीनाले व बोलीतील फरकही त्याच्या ध्यानात येतो.

नामदेव स्वतः फार मोठे पदयात्री होते. सन १२७० ते १३५० हा त्यांचा काळ. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग उत्तरेत गेला. पंजाबातील गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे वास्तव्य होते, आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ८८ वे अधिवेशन एप्रिल २०१५ मध्ये घुमानला भरले ते याच नात्याने. उलट दिशेने पाहिल्यास, गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये नांदेड येथे निर्वाण झाले. नांदेडहून नर्सीला जाण्याचा एक रस्ता वारंगा फाट्यावरूनच निघतो. रस्त्याचे क्रमांक अलीकडचे आहेत, ये-जा जुनी आहे.

परतीची वाट

आषाढी वारीविषयी पुष्कळ लिहिले जाते, परंतु तिच्या परतीविषयी क्वचितच. आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांच्या व देहूहून तुकाराम महाराजांच्या पालखीबरोबर लाखो लोक चालतात. एकादशी झाली, पौर्णिमेचा काला झाला की त्यांपैकी बहुतेक जण एस. टी.ने वा रेल्वेने घरी परततात. यात श्रद्धेची उणीव नाही. कारण शेतीचे आहे. जाताना पेरणी उरकलेली असते किंवा घरच्यांवर सोपविलेली असते. परतीच्या वेळी खुरपणी, कोळपणी तोंडावर आलेली असते आणि शेतकऱ्याला आणखी तीन आठवडे रस्त्यावर काढणे परवडत नाही.

शेगावची पालखी मात्र पायीच परतते. २०२४ मध्ये तिने २१ जुलैला पंढरपूर सोडले व ११ ऑगस्टला ती शेगावी पोहोचली. परतीचा मार्ग वेगळा आहे : कुर्डुवाडी, बार्शी, बीड, जालना, सिंदखेडराजा, लोणार, मेहकर, खामगाव. अशा रीतीने जाता-येता बाराशे किलोमीटरांहून अधिक अंतर एका मोसमात, एका मोठ्या वळशाने पूर्ण होते. जपानमधील शिकोकू बेटावरील ८८ मंदिरांची प्रसिद्ध परिक्रमाही साधारण बाराशे किलोमीटरांचीच आहे. स्पेनमधील सांतियागोची ख्रिस्ती यात्रावाट फ्रान्सच्या सीमेपासून मोजली तर सुमारे पावणेआठशे किलोमीटर भरते. म्हणजे शेगावहून पंढरपूरला केवळ जाण्याइतकीच. या वाटांवर दूरदेशीचे लोक चालण्यासाठी येतात. आपल्या वाटेची ही लांबी आपल्याच जिल्ह्यांत अनेकांना ठाऊक नसते.

वाट बदलली ती कशी

मराठवाड्याची काळी, भारी जमीन पाऊस पडला की चालणाऱ्याला सोडत नाही. दोन-चार पावलांत पायाला चिखलाचे जोड येतात, बैलगाडीची चाके रुततात. जुन्या गाडीवाटा उन्हाळ्यात सरळ आणि सोयीच्या होत्या. मृगाच्या पावसानंतर त्या निरुपयोगी ठरत. डांबरी रस्ते झाले तेव्हा दिंड्यांनी ते आनंदाने पत्करले. पाय कोरडे राहिले, सामानाचा ट्रक बरोबर नेता आला, दवाखाना जवळ आला. वडाचिंचेची सावली रस्त्याकडेला होतीच.

पुढे हेच रस्ते रुंद झाले. चौपदरीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडे गेली, मधोमध दुभाजक आले आणि वाहनांचा वेग वाढला. पायी चालणाऱ्याच्या वाट्याला कडेची पट्टी उरली. गावाजवळ तिच्यावर मोटारसायकली आणि टपऱ्या असतात. पहाटे चारच्या सुमारास, ऊन टाळण्यासाठी, दिंडी निघते तीच वेळ रात्रभर वाहन चालवून थकलेल्या चालकाच्या डुलकीची असते. पायी यात्रेकरूंच्या अपघाताच्या बातम्या दरवर्षी येतात, आणि त्यांत मागून आलेल्या वाहनाचा उल्लेख वारंवार असतो. रस्त्याचा खर्च सोसताना हा विचार अगोदरच व्हायला हवा होता, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

आळंदी व देहूच्या मार्गांबाबत तो झाला. राष्ट्रीय महामार्ग ९६५ आणि ९६५-जी या पालखी मार्गांच्या प्रमुख टप्प्यांचे भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले, आणि त्यांच्या आराखड्यात वारकऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना स्वतंत्र पायी मार्गाची तरतूद करण्यात आली. राज्य शासनाने २०२३ मध्ये वारकऱ्यांसाठी विमा छत्र योजना जाहीर केली व २०२४ मध्ये नोंदणीकृत दिंड्यांना प्रत्येकी वीस हजार रुपयांचे साहाय्य देण्याचे ठरविले. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. तथापि, विदर्भ-मराठवाड्यातून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या वाटा याहून कितीतरी मोठ्या आहेत आणि त्यांवर गर्दी विरळ असल्याने सोयीही विरळच राहतात.

गावनकाशातील तुटक रेष

येथे परदेशातील एक उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेत मेन ते जॉर्जिया अशी सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांची अॅपलाचियन पायवाट आहे. बेंटन मॅकाय यांनी १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये ती पूर्ण झाली. तिची देखभाल आजही प्रामुख्याने स्थानिक स्वयंसेवी मंडळे करतात : प्रत्येक मंडळाकडे आपापला टप्पा, दिवसभराच्या चालीच्या आत एक साधी ओसरी, आणि झाडांवर रंगाच्या खुणा. परंतु वस्ती आणि रस्ते वाढू लागले तेव्हा केवळ सद्भावना पुरेना. १९६८ मध्ये राष्ट्रीय पायवाटांचा कायदा करून तिला संरक्षण द्यावे लागले. वाटेला नोंद असली पाहिजे, हा त्यातील मुद्दा.

आपल्याकडे अशी नोंद अगदीच नाही असे नव्हे. गावनकाशात पाऊलवाट एका तुटक रेषेने व गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखविलेली असते. शासनाच्या परिपत्रकांनुसार पाऊलवाटेची रुंदी सव्वाआठ फूट, तर गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. बांधावरून जाण्याच्या हक्काबाबत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये तहसीलदार निर्णय देऊ शकतात. वापरात असलेल्या वाटेवरील अडथळा दूर करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ उपलब्ध आहे. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजना राबविण्यात आली. हे सारे शेतकऱ्याला शेतात जाता यावे म्हणून आहे. परंतु महामार्गाला समांतर जाणारी एखादी जुनी गाडीवाट मुरूम टाकून पक्की झाली, तर तिच्यावरून ज्येष्ठात दिंडीही जाऊ शकेल, एरवी शाळेची मुलेही जातील. सगळीकडे ते जमणार नाही. काही वाटा नांगरल्या गेल्या आहेत, काहींवर घरे आहेत. पालखीच्या मार्गावरील प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या शिवेपुरता नकाशा पाहिला तरी कोठे दोन किलोमीटर वाचतात आणि कोठे पाच, हे समजेल.

मुक्कामाची तयारी

दीर्घ पदयात्रेचे गणित साधे असते. प्रौढ माणूस ताशी चार किलोमीटर चालतो. विसावे धरून दिवसाला सहा तास चालणे झाले की वीस-पंचवीस किलोमीटर होतात. एक दिवस कोणीही चालू शकतो. प्रश्न तिसऱ्या-चौथ्या दिवशी उभा राहतो. तळपायाला फोड येतात, मांड्या घासतात, घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. जुने वारकरी नवी चप्पल घालून कधीच निघत नाहीत, ती आधी महिनाभर वापरून पायाला सैल करून घेतात. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती द्रावण प्रत्येक दिंडीत एकाला तरी बिनचूक करता आले पाहिजे.

ज्या गावी मुक्काम असतो त्या गावाची लोकसंख्या एका रात्रीत वाढते. पालखीबरोबरच्या सातशे जणांखेरीज दर्शनाला पंचक्रोशी लोटते. अशा वेळी विहिरीत आणि टाकीत टीसीएल पावडर वेळेवर पडणे, पाण्याचे नमुने आधी तपासून घेणे, फिरती शौचालये तळापासून फार दूर नसणे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा उचलला जाणे यांवर पुढच्या गावाचे आरोग्य अवलंबून राहते. कारण एखादा पोटाचा विकार दिंडीबरोबर रोज वीस किलोमीटर प्रवास करू शकतो. शाळेच्या खोल्या मुक्कामास देण्याची प्रथा चांगली आहे. मात्र मराठवाड्यात जूनच्या मध्यास शाळा उघडतात, त्यामुळे मुख्याध्यापक, ग्रामसेवक आणि दिंडीचालक यांची एक बैठक आधी होणे सोयीचे.

रस्त्यावर चालण्याबाबतही दोन शब्द. पदपथ नसेल तेथे एकट्यादुकट्याने उजव्या बाजूने, समोरून येणारे वाहन दिसेल असे चालावे. रांगेने जाणारी दिंडी बहुधा डाव्या कडेने जाते, म्हणजे वाहने तिच्या पाठीमागून येतात. म्हणून रांगेच्या अखेरीस चमकत्या पट्ट्यांचा अंगरखा घातलेले दोघे आणि एक लाल दिवा असावा. वीणेकरी पुढे असतो, त्याच्याकडे सर्वांचे लक्ष असते. शेवटच्या माणसाकडे नसते.

कोविडच्या साथीमुळे २०२० मध्ये पायी वारी झाली नाही. मानाच्या पालख्यांतील पादुका एस. टी. बसने पंढरपूरला नेण्यात आल्या, आणि २०२१ मध्येही तसेच झाले. २०२२ मध्ये शेगावची पालखी पुन्हा पायी निघाली. खामगावहून शेगावपर्यंतच्या परतीच्या अखेरच्या टप्प्यावर तिच्याबरोबर हजारो लोक चालतात. अंतर सुमारे सोळा किलोमीटर आहे, आणि तोवर शेतांतील कपाशी-सोयाबीन गुडघ्याला लागलेले असते.