विश्लेषण : शाळेत अभिजात साहित्याची सक्ती असावी का?

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठीच्या दाव्यात ‘गाथासप्तशती’, ‘लीळाचरित्र’, ‘ज्ञानेश्वरी’ अशा ग्रंथांचा मोठा आधार होता. पण ज्या ग्रंथांच्या बळावर दर्जा मिळाला, ते मराठी मुलांनी शाळेत वाचलेच पाहिजेत का?

सध्या सक्ती कशाची आहे?

२०२०च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी विषय सक्तीचा केला. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र ही सक्ती भाषेची आहे, साहित्याची नाही. साहित्य येते ते पाठ्यपुस्तकातून, वेच्यांच्या रूपात. राज्य मंडळाच्या २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या ‘कुमारभारती’त ‘संतवाणी’खाली नामदेव आणि एकनाथ यांची एकेक रचना आहे. त्याआधी नववीत ‘लीळाचरित्रा’तला एक दृष्टान्त भेटतो. एवढ्या ओळखीला अभिजात साहित्याचा अभ्यास म्हणणे धाडसाचेच.

परीक्षेत त्याचे काय होते?

दहावीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत पद्याला १६ गुण आहेत, तर पत्र, जाहिरात, बातमी अशा उपयोजित लेखनाला २४. कवितेवरच्या कृतीत कवीचे नाव, विषय, ओळींचा अर्थ, संदेश असे मुद्दे असतात. त्यातच ‘कविता आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण’ हाही मुद्दा येतो. हा प्रश्न खरे तर फार चांगला आहे. नामदेवांचा अभंग आवडला नाही, असे सकारण लिहिण्याची मुभा तो पंधरा वर्षांच्या मुलाला देतो. पण गाइडमध्ये आवडण्याचे कारण छापून तयार असते आणि बोर्डाच्या पेपरात न आवडण्याचा धोका कोण पत्करणार? मग अभंग वाचण्याऐवजी अभंगाचे उत्तर पाठ होते. सक्तीला विरोध करणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे.

जुनी भाषा हा अडसर आहे का?

आहे. तेराव्या शतकातील ओवी आजच्या मुलाला परकी वाटते. घरी अहिराणी, गोंडी किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलाला तर प्रमाण मराठीही शिकावी लागते, तिथे ओवी ही आणखी एक भाषा ठरते. पण अक्षरओळख नसलेल्या वारकऱ्यांनी हेच अभंग पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ ठेवले. ते आधी कानावर पडले, चालीवर म्हटले गेले; अर्थ मागाहून उलगडत गेला. शाळेने हा क्रम उलटा केला आहे. दुसरीकडे, ज्या घरात ना भजन आहे ना पुस्तकांचे कपाट, तिथल्या मुलाला चोखामेळा किंवा जनाबाई भेटण्याची जागा बहुधा शाळाच असते. शाळेने हे साहित्य ऐच्छिक केले, तर सर्वाधिक नुकसान याच मुलाचे होईल.

अभिजात कोणाला म्हणायचे?

यादी संतांपाशी थांबली तर सक्ती एकांगी ठरेल. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ची, महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ची, तर ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ची. प्रश्न विचारणारे हे गद्य दहावीच्या वर्गात वाद घडवू शकते.

इतरत्र काय आहे?

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षीच्या परीक्षेसाठी ‘इंग्रजी साहित्य’ घेणाऱ्यांना २०१५ पासून शेक्सपिअरचे एक नाटक आणि एकोणिसाव्या शतकातील एक कादंबरी अभ्यासावी लागते, तीही संपूर्ण. मात्र पुस्तक सोबत नेता येत नसल्याने तिथेही अवतरणांची घोकंपट्टी चालते. म्हणजे अख्खे पुस्तक लावले तरी परीक्षा तीच करामत करते.

मराठीत काय करता येईल?

सक्ती वाचनाची असावी, उत्तराची नसावी. वेच्यांची संख्या वाढवण्यापेक्षा वर्षाला एक छोटी पण संपूर्ण कृती वर्गात मोठ्याने वाचून घेणे, अभंग चालीवर म्हणवून घेणे आणि लेखी परीक्षेत त्यावर प्रश्नच न ठेवणे अधिक शहाणपणाचे. गुण द्यायचेच असतील तर दहावीला भाषेसाठी अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण आजही शाळेच्याच हातात आहेत. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.