चूक कमी झाली आणि धोका वाढला: विमानं मधली रेघ का सोडतात?



नकाशावर मुंबई आणि बंगळुरू पट्टीने जोडून बघा. रेघ साताऱ्याजवळून निघते आणि सांगली-मिरजेच्या बाजूने कर्नाटकात उतरते. प्रत्यक्ष हवाई मार्ग या रेघेपेक्षा थोडे वेगळे असतात, पण आपल्या डोक्यावरून विमानांची एवढी ये-जा का असते, हे त्यावरून लक्षात येतं. आजचा प्रश्न असा: एकाच मार्गावरच्या विमानांनी अगदी मधल्या रेघेवरून उडावं, की मुद्दाम थोडं बाजूने?

आकाशातली चाकोरी

काळ्या रानातली गाडीवाट आठवा. चाकं रोज त्याच जागी गेली की चाकोरी पडते. समोरून दुसरी गाडी आली की तीही त्याच चाकोरीत. उपग्रह दिशादर्शनाने आकाशात अशीच चाकोरी पाडली आहे.

पूर्वी समुद्रावर विमानं जडत्वीय प्रणालीवर चालायची. तिची चूक तासागणिक साठत जायची, त्यामुळे काही मैल इकडेतिकडे होणं नेहमीचंच. जीपीएस आल्यावर ही चूक मीटरांवर आली. आपल्याकडे इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने उभारलेली ‘गगन’ प्रणालीही २०१३ च्या अखेरीस प्रमाणित झाली. अचूकता वाढली, म्हणजे सुरक्षितता वाढली. बरोबर ना? जरा थांबा.

हिशोब करून बघू

विमानांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचं मुख्य काम उंचीचं अंतर करतं. आता समजा, कुठल्यातरी गफलतीने दोन विमानं एकाच मार्गावर, एकाच उंचीवर आली. दोघांच्या पंखांचा पसारा ६० मीटर धरा. म्हणजे एकमेकांजवळून जाताना मध्यांमधलं आडवं अंतर ६० मीटरपेक्षा कमी असेल, तर पंख भिडणार.

दोघांची आडवी चूक स्वतंत्र आणि प्रसामान्य वितरणाची माना. प्रमाण विचलन १ नॉटिकल मैल (१,८५२ मीटर) असेल, तर भिडण्याची शक्यता साधारण २ टक्के. तेच विचलन ५० मीटरवर आणा. शक्यता ६० टक्के! उपकरण सुधारलं आणि या एका परिस्थितीतला धोका तीसपट झाला. जुनी चूक नकळत विमानांना विखरून ठेवत होती.

हा निव्वळ कागदावरचा खेळ नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी ब्राझीलमध्ये गोल कंपनीचं बोईंग ७३७ आणि एक लेगसी खाजगी जेट समोरासमोर, एकाच मार्गावर, ३७,००० फुटांवर आले. जेटच्या पंखाच्या टोकाने बोईंगचा डावा पंख कापला. बोईंगमधले सगळे १५४ जण गेले. जेटमधले सातही वाचले. मूळ कारणं वेगळी होती: चुकीची उंची, बंद पडलेला ट्रान्सपॉन्डर, नियंत्रणातल्या त्रुटी. पण काही मीटरचं जास्त आडवं अंतर तेवढं पुरलं असतं.

उपाय: समांतर सरकणं

मग अचूकता सोडायची का? नाही. अचूकता ठेवायची आणि विखुरणं ठरवून आणायचं. नियम असा: मधल्या रेघेवर राहा, किंवा उजवीकडे जास्तीत जास्त २ नॉटिकल मैल सरका. डावीकडे कधीच नाही. वैमानिक संगणकात उजवीकडचं अंतर टाकतो आणि विमान मूळ मार्गाला समांतर उडायला लागतं. पुढच्या विमानाने मागे सोडलेले हवेचे भोवरे टाळायलाही याचा उपयोग होतो.

समजा प्रत्येकाने ०, १ किंवा २ मैल यातलं एक समसमान शक्यतेने निवडलं. एकाच दिशेची दोन विमानं एकाच रेघेवर येण्याची शक्यता १/३, म्हणून ६० टक्क्यांचे २० झाले. समोरासमोरची विमानं मात्र आपापल्या उजवीकडे सरकल्यावर विरुद्ध बाजूंना जातात. दोघंही शून्यावर असतील तरच गाठ पडते. ती शक्यता १/९, म्हणजे धोका साधारण ७ टक्के. उजवीकडेच का, याचं उत्तर इथे आहे.

हे कुठे चालतं? महासागरावर आणि दुर्गम भागात, जिथे परवानगी आहे तिथे. अरबी समुद्राचा मोठा पट्टा मुंबईच्या नियंत्रणाखाली येतो. किनाऱ्यावरचं रडार तिथे सगळीकडे पोचत नाही. सातारा-सांगलीवर मात्र नियंत्रक रडारवर बघत असतो, त्यामुळे तो सांगेल तेव्हाच सरकायचं.

तुमच्यासाठी काय?

वरच्या हिशोबात एक गृहीतक लपलंय: वैमानिक समसमान निवड करतात. समजा ८० टक्के वैमानिक शून्यावरच राहिले. मग समोरासमोरचा धोका ७ नाही, ३९ टक्के होतो. नियम तोच, सवय वेगळी.

म्हणून प्रबंधाचा विषय निवडताना दोन प्रश्न वहीत लिहून ठेवा. मी जी चूक कमी करतोय किंवा करतेय, ती आत्ता कुणाचं रक्षण तर करत नाही ना? आणि माझ्या सूत्रातली ‘स्वतंत्र’ आणि ‘समसमान’ ही गृहीतकं माणसांच्या सवयीला टिकतात का?

स्प्रेडशीट उघडा आणि अंतर ०.१ मैलाच्या टप्प्यांनी बदलून बघा. तिथे २१ पर्याय मिळतात. काय आकडा येतो ते सांगा, पुढच्या लेखात त्यावर बोलू.