बाजाराने नाकारलेली गोटी

नाणे टाकून खेळावयाच्या व्हिडिओ गेमच्या धंद्यात नव्या खेळाची परीक्षा घेण्याची रीत साधी होती. नमुन्यादाखल काही यंत्रे निवडक पार्लरमध्ये ठेवावयाची आणि पेटीत किती नाणी पडली ते मोजावयाचे. अमेरिकेतील अटारी गेम्स कंपनीच्या ‘मार्बल मॅडनेस २’ या खेळाचे भवितव्य १९९१ साली अशाच मोजणीने ठरले. उतार, कडे आणि अडथळे चुकवीत एक गोटी ठरावीक वेळात मुक्कामाला पोचवावयाची, हे १९८४ च्या मूळ खेळातील कोडे लोकप्रिय झाले होते. परंतु १९९१ मध्येच ‘स्ट्रीट फायटर २’ आला आणि खेळणाऱ्यांची झुंबड त्यातील द्वंद्वाकडे वळली. चाचणीत गोटीची कमाई पुरेशी झाली नाही. उत्पादन रद्द झाले.

व्यापारी दृष्टीने या निर्णयात गैर काही नव्हते. पार्लरमालकाची जागा मर्यादित असते. कमी कमावणारे यंत्र त्याला परवडत नाही. शिवाय झालेला खर्च भरून निघावा म्हणून आणखी भांडवल ओतणे हे शहाणपणाचे नव्हे. परंतु काही आठवड्यांच्या मिळकतीवरून एखादी कृती जपण्याजोगी आहे की नाही, हे कसे ठरावे?

त्या खेळाची मोजकी यंत्रे संग्राहकांच्या हाती राहिली. अशा यंत्रांची आज्ञावली सहसा ज्या चिपमध्ये साठवलेली असते, तिच्यातील विद्युतभार वर्षानुवर्षे झिरपत जातो आणि अखेर मजकूर पुसला जातो. २०२२ साली आज्ञावलीची प्रत सर्वांपुढे आली ती ३१ वर्षांनी. दरम्यान कंपनीचा कारभार २००३ मध्येच आटोपला होता. कायद्याची मुदत मात्र लांब आहे. कंपनीसाठी निर्माण झालेल्या अप्रकाशित कृतीचा कॉपीराइट अमेरिकेत निर्मितीपासून १२० वर्षे चालतो; त्या हिशेबाने या खेळाचा २१११ पर्यंत. कृती इतरांपासून राखून ठेवण्याचा हक्क शतकाहून अधिक काळ, आणि ती टिकविण्याची जबाबदारी मात्र कोणावरच नाही, असा हा व्यवहार आहे.

हे संरक्षण समाज देतो. त्याच्या मोबदल्यात, रद्द केलेल्या कृतीचीही एक प्रत सार्वजनिक संग्रहात ठेवावी, अशी अट समाजाने घातली तर ती अन्यायाची ठरू नये. विक्रीचा हक्क मालकाकडेच राहील. प्रत जपण्याचा खर्च अल्प आहे. नष्ट झालेली प्रत मात्र कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.